दिरानं विकायला काढलेलं मरण

मनुबाई तीसेक वर्षं मरायला टेकलेली होती. निपाणीहून तवंदीच्या घाटाकडं निघालं की चढावर जे पहिलं गाव लागतं, तिथली ती. मृग निघाला की त्या गावच्या बायका पाणवठ्यावर सहज म्हणायच्या, "औंदा मनुबाई काय दिवाळी बघत न्हाय." दिवाळी यायची, मनुबाई दारात सडा घालताना दिसायची, आणि म्हणणारणींपैकीच एखादी गेलेली असायची. कुरकुरणारं गाडं लई दिवस चालतं म्हणतात ते काही खोटं नाही. पण नुसत्या कुरकुरीवर गाडं चालत नाही, त्याला वंगण लागतं. मनुबाईला ते वंगण तिच्या थोरल्या दिरानं, भावकूनं पुरवलं. त्याच्यावरच्या रागावर ती जगली. हा राग कसा आला आणि तिनं तो कसा वसूल केला, ते सांगतो.

प्लेगात नवरा गेला तेव्हा ती ऐन विशीत होती. पदरात मूल नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. भावकू आणि त्याची बायको जयाबाई यांच्या घरात ती राहिली आणि गावच्या बायकांबरोबर निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जाऊ लागली. तिथं दिवसभर तंबाखू बडवायचा, चाळायचा, काड्या निवडायच्या. नाकातोंडात नुसती खाक, तंबाखूची बारीक धूळ. दुसऱ्या बायका शिंकून मोकळ्या व्हायच्या, मनुबाईच्या मात्र छातीत ती खाक घर करून बसली. दोन-तीन वर्षांत दमा लागला. आणि हा दमा मोठा लबाड होता. उन्हाळाभर ती अशी धडधाकट असायची की गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढून यायची. आभाळ भरून आलं की छातीत शिट्ट्या सुरू व्हायच्या, त्या पौष-माघाची थंडी सरेपर्यंत थांबायच्या नाहीत. म्हणजे वर्षाचे दोन तुकडे पडले. काही महिने चालायचे, काही महिने पडायचे, आणि चालायच्या महिन्यांत मिळवलेलं पडायच्या महिन्यांना पुरवायचं.

हे तिला कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर ती बाजाराच्या आदल्या दिवशी मिळालेली मजुरी घरी आणून भावकूकडं ठेवायला द्यायची. घरातला पैसा थोरल्याच्या हातात, ही रीत. त्यातही थेट त्याच्या हातात नाही. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, ही दुसरी रीत. पदर पुढं ओढून ती जावेच्या हातात पैसे द्यायची आणि म्हणायची, "आक्का, भावजींस्नी म्हणावं, पावसाळ्याला माझ्या औषधाला ठेवा." भावकू तिथंच खांबाला टेकून तंबाखू मळत बसलेला असायचा. तो जयाबाईला म्हणायचा, "ठेवतो म्हणावं."

एका आषाढात तिनं ते पैसे मागितले. छाती भात्यासारखी हलत होती, शब्द तुटत होते.

"आक्का, भावजींस्नी सांगा, माझ्यातलं दोन रुपय द्या. वैद्याकडं जायाचं हाय."

"कुठलं रुपय?" भावकू बायकोकडं बघून म्हणाला. "तिला इचार, जेवती का न्हाय ती ह्या घरात? त्यातच गेलं समदं."

मनुबाई त्या घरात काय जेवत होती हे जयाबाईला पक्कं ठाऊक होतं, कारण भाकरी तीच मोजून वाढायची. पण तिनं चुलीतली लाकडं पुढं सारली. तो पावसाळा मनुबाईनं भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन, बसल्या बसल्या काढला. आडवं पडलं की जीव जायचा. औषधाचा थेंब पोटात गेला नाही.

तरीही तिचा राग अजून पेटला नव्हता, कारण भावकूनं तिच्यावर एक उपकार केला होता असं ती समजत होती. त्याच वर्षीच्या चैत्रात तो तिला आपण होऊन निपाणीच्या बाजारात घेऊन गेला होता. एका दुकानाच्या कट्ट्यावर काळी टोपी, बंद गळ्याचा कोट घातलेला माणूस पेटी पुढ्यात घेऊन बसला होता. त्यानं तिला वय विचारलं, चार पावलं चालायला लावलं, मोठ्यानं श्वास घ्यायला लावला, डोळे बघितले, आणि "ठीक आहे" म्हणाला. हा कोण, हे तिला विचारता येईना; दिराशी बोलायची चोरी. तिनं मनाशी धरलं की हा वैद्य. दिराला आपली एवढी काळजी, म्हणून ती दोन दिवस हरखून गेली होती, आणि पाणवठ्यावर तिनं हे चार जणींना सांगितलंही होतं.

थंडी सरली, पायात थोडं बळ आलं, तशी शेजारणीकडून उसना रुपया घेऊन ती एकटीच त्या कट्ट्यावर गेली. म्हणाली, "वैद्यबुवा, गेल्या साली बगितलं तुमी मला. आवशद तेवडं द्याचं ऱ्हायलं."

तो माणूस आधी बघत राहिला, मग हसत सुटला. "मी कुठला वैद्य, बाई? मी शामू. बेळगावच्या मयत फंडाचा कारकून. तू भावकूची भावजय न्हवं? बरी हाईस न्हवं? छान. आमाला माणूस जितं ऱ्हायलेलं बरं."

शामूला बोलायची हौस होती. त्यानं तिला कट्ट्यावर बसवून सगळं उलगडून सांगितलं. कुणीही आपल्या माणसाचं नाव फंडात घालायचं, एक रुपया भरून. फंडातलं कुठलंही नाव मेलं की बाकीच्या सगळ्यांनी चार-चार आणे भरायचे. आपण घातलेलं नाव मेलं की आपल्याला दोनशे रुपये. एक हप्ता चुकला तर नाव खोडलं जाणार आणि मागचं भरलेलं सगळं पाण्यात. रोगी माणसाचं नाव घेत नाहीत, म्हणून तर चालवून बघायचं. "तुज्या नावाचं भावकू न चुकता भरतोय बग. आठवड्याच्या बाजारी येतो, पैसं टाकतो, जातो."

आठवड्याच्या बाजारी. ज्या दिवशी ती मजुरी आणून द्यायची, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

चढावरून घरी परत येताना मनुबाई रडली नाही. तिला रडूच येईना इतका संताप झाला होता. त्यानं नुसती चोरी केली असती तर तिनं सोडून दिलं असतं. गरिबाच्या घरात माणसं एकमेकांचं चोरतात. पण ह्यानं तिच्या औषधाच्या पैशानं तिचंच मरण विकत घेऊन ठेवलं होतं, आणि मग औषधाला नाही म्हणून ते लवकर यावं अशी सोयही केली होती. उन्हाळ्यात ती धट्टीकट्टी दिसते म्हणून चैत्रात नेऊन दाखवलं, बाजारात गाय दाखवावी तशी. ती वाटेतल्या एका दगडावर बसली आणि तिनं मोठ्यानं, कुणी ऐकायला नसताना, भावकूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग ठरवलं. भांडायचं नाही. भांडलं तर तो घराबाहेर काढणार, पहिल्याच पावसात आपण भिजून मरणार, आणि तो दोनशे रुपये मोजून घेणार. त्याला जे हवं ते द्यायचं नाही, बस्स. मरायचं नाही.

आता 'मरायचं नाही' हे म्हणायला सोपं. त्याला पैसा लागतो. मनुबाईनं आधी वखार सोडली. मजुरी रोख होती, पण ती मजुरी म्हणजे इकडून दिलेलं आणि तिकडून काढून घेतलेलं. उन्हाळ्यात ती रानातून पळसाची पानं आणायची, वाळवून दडपून ठेवायची, आणि पडायच्या महिन्यांत भिंतीला टेकून पत्रावळी टाचायची. बसून करायचं काम, धूळ नाही, धाप नाही. जत्रा आणि लग्नं लागली की ढिगानं खपायच्या. पैसे वखारीच्या निम्मे. पण ते पावसातही चालू राहायचे.

आणि ते पैसे ठेवायचे कुठं? घरात ठेवले तर जयाबाईच्या हाताला लागणार. तिनं निपाणीच्या गुंडू सोनाराला गाठलं. हाती चार रुपये जमले की त्यांची चांदी घ्यायची, दंडात घालायला कडं घडवायचं आणि दर साली ते जाड करून घ्यायचं. आषाढात तेच कडं त्याच्याकडं गहाण ठेवायचं, त्यावर अडुळसा, मध, मिरी, थोडे तांदूळ. फाल्गुनात पत्रावळी विकून सोडवून आणायचं. गुंडू व्याज कापून घ्यायचा, पण ते व्याज भावकूच्या मायेपेक्षा स्वस्त पडायचं. बायका कुजबुजल्या, की रांडमुंड बाईनं दंडात दागिना घालावा का. मनुबाई म्हणाली, "ह्यो दागिना न्हवं बायांनो, ह्ये माजं आवशद हाय. तुमी बाटलीत ठेवता, मी दंडात ठेवते." पुढं पुढं गाव तिच्या दंडाकडं बघून तिची तब्येत ओळखायला लागलं.

जीव अगदीच घुसमटला तर धोतऱ्याची वाळलेली पानं चिलमीत घालून ती चार झुरके ओढायची. हे तिला वखारीतल्या एका म्हातारीनं शिकवलं होतं. छाती घटकाभर मोकळी व्हायची, घसा सुकून कोरडा पडायचा. जास्त ओढलं तर माणूस वेडंपिसं होतं, म्हणून ती ते जपून वापरायची.

भावकू हे सगळं बघत होता. पावसाळ्यात ती खोकायला लागली की त्याचा चेहरा उजळायचा आणि चैत्रात ती भारा घेऊन आली की पडायचा. फंडातली माणसं मरतच होती. चार आणे द्यावेच लागत. द्यायचं थांबवावं तर आधीचं बुडतं. वाघाचं शेपूट धरलेल्या माणसासारखी गत. मनुबाईला हे बघून सुख व्हायचं. खरं सांगायचं तर त्या घरात तिला दुसरं सुख नव्हतं. सकाळी उठल्यावर ती मुद्दाम भावकूला ऐकू जाईल असं जावेला सांगायची, "आक्का, आज लई हलकं वाटतंय बगा."

मग मानमोडीची साथ आली. पहिलं महायुद्ध संपायच्या सुमाराला गावंच्या गावं त्या तापानं झोपली. एकेका घरात पाणी द्यायला माणूस उरलं नाही, असं झालं. मनुबाईही पडली. भावकू दिवसातून चारदा दाराशी येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही, पाणी द्यायचा नाही, नुसता ऐकायचा. तापात तिला ते पाय दिसायचे, उंबऱ्यापलीकडचे. ती त्या पायांकडं बघत श्वास ओढायची. बरे बरे गडी गेले, आणि ही उठून बसली. तिकडं फंडात नावांवर नावं गळत होती आणि प्रत्येक नावामागं चार आणे. भावकूचे एकेका बाजारी दोन-दोन रुपये जायला लागले. त्यानं जोडीतला एक बैल विकला. दुसरा एकटा दावणीला उभा राहून हंबरायचा.

तेव्हा भावकूला अक्कल सुचली की नाव विकून टाकावं. फंडातलं नाव विकता यायचं, आणि रवळू नावाचा निपाणीचा एक दलाल असली नावं विकत घ्यायचा. माणूस जितकं मरणाला टेकलेलं, तितका भाव चढा. भावकूनं त्याला ऐन पौषात घरी बोलावलं.

मनुबाईला हे कुणी सांगितलं नाही. तिला कळलं ते जयाबाईच्या मायेवरनं. जन्मात जिनं तिला ताक वाढताना पाणी घालून वाढलं, ती आदल्या संध्याकाळी वाटीभर घट्ट दही आणि दोन केळी घेऊन आली. "खा गं. आन उद्या उठू नको. पावणं येनार हाईत, तू आपली वाकळ घिऊन पडून ऱ्हा."

थंडीत दमेकऱ्याला दही-केळी, वर पडून राहायचा आग्रह; फंडातली नावं विकली जातात हे तिनं बाजारात ऐकलं होतं. मनुबाईनं ते कोंबड्यांपुढं टाकलं. सकाळी जयाबाई शेणाला गेल्यावर तिनं धोतऱ्याची चिलीम ओढली, नेहमीपेक्षा दुप्पट. घसा लाकडासारखा झाला, डोळ्यांपुढं सगळं वाऱ्यानं हलल्यासारखं दिसायला लागलं, पण छाती उघडली, आणि ती परसदारानं घागर घेऊन पाण्याला गेली. रवळू सोप्यात येऊन बसला, भावकू हळूच म्हणाला, "आत पडलीया, आठ-पंदरा दिवसांची सोबती," आणि त्याच वेळी मनुबाई डोईवर भरली घागर घेऊन दारातून आत आली.

पदर पुढं ओढलेला, चाल ताठ. घागर उतरवून ती जावेला खणखणीत म्हणाली, "आक्का, पावण्यांस्नी गूळपाणी दिलं का न्हाय?"

रवळूनं भावकूकडं बघितलं. भावकूही काही कमी नव्हता. तो बायकोला म्हणाला, "मसाला संपलाय म्हनत हुतीस न्हवं? तिला म्हनावं, जरा मिरच्या कांड. हितंच, सोप्यात."

संकेश्वरी मिरची, तीही भाजलेली. तिचा खकाणा उडाला की निरोगी माणूस दाराबाहेर पळतं. जयाबाईनं उखळ पुढं ओढलं. मनुबाईनं घागरीत पदराचं टोक बुडवलं, नाकावरून घेऊन कानामागं खोचलं आणि मुसळ उचललं.

एक श्वास ओल्या पदरातून घ्यायचा, कोंडायचा, पाच-सहा घाव घालायचे, मान वळवून सोडायचा. प्रत्येक घावाला तिच्या मनात एकच माणूस उखळात होता. आतून खोकला असा उसळत होता की बरगड्या फुटतील वाटे. ती दात खाऊन तो गिळत होती. आधी रवळू ठसकला. मग जयाबाई शिंकत परसात पळाली. मग भावकूला असा खोकला लागला की त्याचं मुंडासं सुटून मांडीवर आलं. मनुबाई कांडत होती.

"बास कर बाई," रवळू डोळे पुसत उठला. दारात जाऊन तो भावकूला म्हणाला, "गड्या, ही तुला पोचवून माज्या पोरांच्या लग्नात जेवंल. मला न्हाय पायजे हे नाव. फुकट दिलंस तरी न्हाय."

तो गेल्यावर मनुबाई मुसळ ठेवून चालत गोठ्यात गेली. चालत गेली हे महत्त्वाचं. भावकू बघत होता. गोठ्याचं दार लावलं आणि मग ती कोसळली. ओठ निळे पडले, श्वास आत जाईना की बाहेर येईना. एकट्या राहिलेल्या बैलाच्या पायाशी, शेणात पडून तिला वाटलं की आता संपलं. आणि लगेच वाटलं, आज मेले तर हा दोनशे रुपये घेणार, आज तर नाहीच. ती कूस बदलून ओणवी झाली, हातांवर भार टाकला, आणि सुईच्या नेढ्यातून दोरा ओढावा तसा एकेक श्वास ओढत राहिली. तिन्हीसांजेला ती बाहेर आली तेव्हा जयाबाईला म्हणाली, "जरा डोळा लागलता."

फाल्गुनात तिनं कडं सोडवून आणलं आणि जावेपुढं बोलणं काढलं. भावकू खांबाशी होताच.

"आक्का, भावजींस्नी सांगा, त्येंच्या फंडातलं माजं नाव मला द्या. मला समदं ठावं हाय. माजी ठेवलेली मजुरी मी मागत न्हाय, त्यात फिटलं. हितनं फुडं चार आणं मी भरीन."

भावकूनं तंबाखू मळायचा थांबवला. तो हिशेबी माणूस. त्यानं मनात जुळवलं: हप्ता आता ही भरणार, हिला मागंपुढं कुणी नाही, मेली की पैसे येणार ते ह्याच घरात. म्हणजे खर्च तिचा, दोनशे आपले. त्याला हसू लपवता येईना.

"द्येतो म्हनावं," तो बायकोला म्हणाला. "उद्याच्या बाजारी जाऊ."

बदलीची फी आठ आणे होती, तीही त्यानं खुशीनं भरली. शामूनं दोघांचे अंगठे घेतले, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि विचारलं, "आता मनुबाई, नाव तुजं, मालकी तुजी. तुज्या माघारी पैसं कुणाला द्याचं ते सांग."

मनुबाईनं पदर मागं सारला. थोरल्या दिरासमोर उघड्या तोंडानं ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली.

"खोडा ते नाव," ती म्हणाली.

"काय?"

"खोडा. मालकी माजी न्हवं? मग खोडा."

"अगं, सात-आठ वर्सं भरलंय ह्येच्यावर. समदं बुडंल. आन पुन्ना नाव घालता येनार न्हाय, आता डाक्टरचा दाखला लागतो."

"बुडू द्या. माज्या मरणाची कुणाला एक पैबी मिळाय नको." मग ती भावकूकडं वळली, आणि जावेला मध्ये न घालता, त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "भावजी, आता मी कवाबी मरंन. आज मरंन, न्हायतर तुमच्या माघारी मरंन. तुमचा काय संबंध न्हाय."

शामूनं नावावर आडवी रेघ मारली. भावकू ती रेघ बघत राहिला. त्याचा बैल, त्याचे इतक्या बाजारांचे चार-चार आणे, मानमोडीतले उंबऱ्यावरचे हेलपाटे, सगळं त्या रेघेखाली गेलं. भावजयीच्या मरणाचे पैसे गेले म्हणून बाजारात ओरडता येत नाही.

मनुबाईनं हप्त्याला म्हणून आणलेल्या चार आण्यांची जिलेबी घेतली आणि ती चढाला लागली. भावकू मागून येत होता. उन्हं तापली होती. त्याचं वय झालं होतं, आणि आज त्याचे पाय एकाएकी जड झाले होते. अर्ध्या चढावर त्याची धाप तिला ऐकू यायला लागली. रीतभात सोडून त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली.

"मनू, जरा थांब. दम लागलाय."

तिनं ऐकलं. दम तिलाही लागला होता, छातीत बारीक शिट्टी सुरू झाली होती, आणि पुढच्या झाडाखाली बसावं असं तिला फार वाटत होतं. पण बसलं तर ती शिट्टी त्याला ऐकू गेली असती. म्हणून तिनं पावलं उचलली आणि चढ संपेपर्यंत ती त्याच्या पुढंच चालत राहिली.